अर्ध्या पगाराचा इतिहास

माझ्या बापाला १९८६ च्या मे महिन्यात कामावरून सस्पेंड केलं आणि ऑक्टोबरात डिसमिस केलं. मधल्या पाच महिन्यांत त्याच्या हातावर एक दमडी पडली नाही. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. तसल्या कंपन्या तेव्हा शेकड्यानं होत्या, आजही आहेत. ज्याला जिचं नाव घालायचं त्यानं तिचं घालावं.

आमचं घर हातखंब्याला. मुंबई-गोवा रस्ता आणि कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता जिथं एकमेकाला छेदतात तो हातखंबा तिठा. तिथून आत बौद्धवाडी. बा रोज एस.टी.नं रत्नागिरीला कामाला जायचा. नऊ वर्षं गेला. मग एक दिवस पाण्याच्या माठावरून वांधा झाला. सुपरवायझर म्हणाला, तू तुझा पेला घरनं आण. बा म्हणाला, का, माझ्या तोंडाला काय झालंय? आवाज चढला. दुसऱ्या दिवशी पत्र. पत्रात माठ नव्हता, पेला नव्हता. फक्त 'वरिष्ठांशी उद्धट वर्तन आणि शिस्तभंग' होता. माठ कागदावर कधीच येत नाही.

पत्र इंग्रजीत, दोन पानी. मी तेव्हा सातवीत. गावातल्या एका मॅट्रिक झालेल्या माणसाकडं बा ते घेऊन गेला. त्यानं वरवर बघितलं आणि सांगितलं, "तुला कामावर यायला बंदी केलीय. चौकशी होईल. एवढंच लिवलंय." एवढंच लिहिलेलं नव्हतं. पण ते पुढं सांगतो.

आधी हा सस्पेंड काय प्रकार आहे तो समजून घेऊ. डिसमिस म्हंजे नातं तुटलं, ते कळतं. सस्पेंड म्हंजे नातं तुटलेलं नाही, पण दार बंद. तू आमचा नोकर आहेस, आमचे नियम तुला लागू आहेत, दुसरीकडं कामाला जायचं नाही, बोलावलं की हजर व्हायचं, पण कामावर यायचं नाही. दावं सोडलेलं नाही, मात्र वैरण बंद. तर मग खायचं काय? या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला या देशातल्या कायद्याला किती वर्षं लागली, तोच हा इतिहास.

आमच्या लोकांना हा प्रकार कारखान्यात आल्यावर कळला असं कुणी समजू नये. आमचं पहिलं सस्पेन्शन गावानं केलेलं आहे. वतनाच्या कामाला नाही म्हटलं, मेलेलं ढोर ओढलं नाही, की बलुतं बंद. वतन तसंच राहायचं, म्हंजे नोकर आम्हीच, राबायची सक्ती आमच्यावरच. बंद व्हायची ती भाकर. वाणी मीठमिरची देणार नाही, शेतावर मजुरी मिळणार नाही, वाट अडवणार. मुंबई सरकारनं १९२८ साली स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. १९३० साली तिचा अहवाल आला. दलित हक्क मागायला उठला की सवर्ण गाव हे बहिष्काराचं हत्यार कसं चालवतं, ते त्यात सरकारी कागदावर नोंदलेलं आहे. बाबासाहेबांनी १९२८ मध्येच वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल मुंबई कौन्सिलात आणलं होतं. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली. तीस वर्षं! आरोपपत्र नाही, चौकशी नाही, दाद नाही, आणि शिक्षा एका माणसाला नाही तर सगळ्या वाडीला. कंपनीनं निदान पत्र तरी दिलं, असं बा नंतर म्हणायचा. तो हसून म्हणायचा. आम्हाला हसू यायचं नाही.

मग कोकणातला माणूस मुंबईला गेला, गिरणीत लागला. तिथंही विणकाम खात्यात आपल्या माणसाला मज्जाव, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढायचा असे आणि आमची उष्टी नळी दुसऱ्यानं तोंडाला कशी लावायची! पगार जास्त त्याच खात्यात. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी हा प्रश्न कसा बाजूला ठेवला ते बाबासाहेबांनी ऐकवलेलं आहे. तरीसुद्धा १९३८ साली काँग्रेस सरकारनं संपाचा गळा आवळणारं औद्योगिक तंट्याचं बिल आणलं तेव्हा ७ नोव्हेंबरच्या एक दिवसाच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष त्याच लाल बावट्याच्या खांद्याला खांदा लावून उतरला. तक्रार होती, पण पोट एक होतं.

गिरणीत काढून टाकणं म्हंजे जॉबरच्या तोंडचा शब्द. उद्या येऊ नकोस, संपलं. का, ते विचारायची सोय नाही. नियम असले तर मालकाच्या डोक्यात. ते कागदावर आणायला लावणारा कायदा १९४६ साली झाला, औद्योगिक रोजगार स्थायी आदेश कायदा. त्या वेळी व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडं होतं. गैरवर्तन कशाला म्हणायचं, सस्पेंड कसं करायचं, डिसमिस करण्याआधी काय करायचं, हे मालकानं लिहून मंजूर करून घ्यायचं. आणि त्या कायद्यात एक लहानसं कलम होतं, नववं. मंजूर झालेले आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत फळ्यावर लावायचे. फळा कुठं? कामगार ज्या दारानं आत जातात त्या दाराशी.

माझा बाप नऊ वर्षं त्या दारानं आत गेला. फळा होता का, म्हणून मी त्याला विचारलं. म्हणाला, "व्हता की. त्येच्यावर धूम्रपान करू नये असं लिवल्यालं."

आता पैशाचं. सरकारी नोकरांना सस्पेन्शनमध्ये निर्वाह भत्ता देण्याची रीत होती. पण महाराष्ट्र सरकारच्या नियमांत एक नामी तरतूद होती. मुंबई नागरी सेवा नियम, १९५९. त्यातला १५१ वा नियम. एखाद्या सस्पेंड नोकराला फौजदारी कोर्टात शिक्षा झाली आणि त्यानं वर अपील केलं, तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्याला निर्वाह भत्ता किती? महिन्याला एक रुपया. छपाईची चूक नाही. एक रुपया. अपील चालू आहे म्हंजे माणूस गुन्हेगार आहे की नाही ते अजून ठरायचंय. बायकापोरं घरात आहेत. सरकार दरमहा एक रुपया देणार आणि पावती घेणार. एका रुपयावर महिनाभर जगावं कसं, याचं गणित ज्या साहेबानं हा नियम लिहिला त्यानं मांडून दाखवलेलं नाही.

चंद्रभान नावाच्या नोकराचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल १९८३ चा. खटल्याचं नाव महाराष्ट्र राज्य विरुद्ध चंद्रभान. नाव नीट वाचा. राज्य विरुद्ध चंद्रभान! एक रुपयाचा नियम टिकवायला महाराष्ट्राचं सरकार दिल्लीपर्यंत गेलं. वकिलांना फी किती दिली असेल? चंद्रभानच्या हयातीतले सगळे रुपये त्यात बसले असते. न्यायालयानं नियम रद्द केला. निर्वाह भत्त्यातला निर्वाह हा शब्द खरा मानायचा असेल तर एक रुपया हा भत्ता नव्हे, थट्टा आहे, असा त्याचा सरळ अर्थ. निकाल देणाऱ्या दोघांत एक न्यायमूर्ती ए. वरदराजन होते. सर्वोच्च न्यायालयात बसलेले ते पहिले दलित न्यायाधीश. हे मी मुद्दाम लिहितो. त्या खुर्चीवर दुसरं कुणी असतं तर निकाल वेगळा लागला असता असं मी म्हणत नाही. पण रुपयाची किंमत कुणाला ठाऊक असते, ते आपल्याला ठाऊक आहे.

कारखान्यातल्या कामगारासाठी केंद्रानं १९८२ साली स्थायी आदेशाच्या कायद्यात १०-अ कलम घातलं. पहिले नव्वद दिवस निम्मा पगार. पुढं चौकशी लांबली आणि लांबवणारा कामगार नसेल, तर पाऊण पगार. महाराष्ट्राचे आदर्श स्थायी आदेश याच्याही पुढं गेले. पहिले ९० दिवस निम्मा, पुढचे ९० दिवस पाऊण, आणि १८० दिवसांत चौकशी संपली नाही तर पूर्ण पगार. यातली खोच अशी की उशिराचा भुर्दंड मालकावर. माणसाला लटकवून ठेवायचंय? ठेवा, पण पगार द्या. चांगला नियम.

मात्र त्याच १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता. अडीच लाख माणूस रस्त्यावर. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाडीवाडीत चाकरमानी परत आले. त्यांना कुणी सस्पेंड केलेलं नव्हतं, म्हणून निम्मा पगार नाही. संपवाल्याला पगार कुठला? काम नाही तर दाम नाही, ही गोष्ट पुढं १९९० साली बँक ऑफ इंडियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पक्की केली. म्हंजे कायदा एका हातानं निम्मी भाकर देत होता तेव्हा लाखो माणसं त्या ओळीच्या बाहेर उभी होती. माझा एक चुलता त्यात होता. तो गिरणीत परत गेलाच नाही.

आता बाच्या पत्राकडं येतो. चौकशीच्या तीन तारखा पडल्या. पहिली जुलैत, सकाळी दहाला. घरात एस.टी.च्या भाड्याला पैसे नव्हते, वाडीत मागायची लाज वाटली. बा पहाटे चालत निघाला. धो धो पाऊस. सव्वाअकराला पोचला. वहीत लिहिलं होतं, गैरहजर. दुसऱ्या तारखेला तापानं फणफणला होता. तिसऱ्या तारखेला पोचला, तेव्हा साक्षी होऊन गेल्या होत्या. तुझा साक्षीदार कोण, म्हणून विचारलं. आत काम करणारा कोण येणार साक्षीला? बचावाला आपल्याबरोबर सोबती कामगार किंवा युनियनचा माणूस आणता येतो हे त्याला कुणी सांगितलं नाही. ऑक्टोबरात दुसरं पत्र आलं. ते कुणाकडून वाचून घ्यायची गरज लागली नाही.

त्या पाच महिन्यांत आयेच्या कानातल्या फुल्या गेल्या. ती दुसऱ्यांच्या भाताची लावणी करायला गेली. थोरला भाऊ नववीत होता, हुशार होता. तो शाळा सोडून मुंबईला हॉटेलात कपबश्या विसळायला गेला. बा स्वतः रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा, पण चोरून. कारण मॅट्रिकवाल्यानं एक भीती घालून ठेवली होती, दुसरीकडं काम करताना दिसलास तर नोकरी कायमची जाईल.

मी पुढं शिकलो. नोकरीला लागलो. युनियनचं थोडंफार काम केलं. सात-आठ वर्षांपूर्वी घर शाकारताना बाची पत्र्याची पेटी उघडली तर ते पत्र मिळालं. घडीवर झिजलेलं, वाळवीनं कोपरा खाल्लेला. दुसऱ्या पानावर शेवटचा परिच्छेद होता. सस्पेन्शनच्या काळात नियमाप्रमाणे निर्वाह भत्ता मिळेल. दर महिन्याला, आपण दुसरीकडे नोकरीधंदा करत नाही असा लेखी दाखला द्यावा.

मी पत्र्यावर बसून हिशेब केला. बाचा पगार सहाशे रुपये. निम्मा तीनशे, तीन महिन्यांचे नऊशे. पाऊण साडेचारशे, दोन महिन्यांचे नऊशे. अठराशे रुपये. फुल्या वाचल्या असत्या. नववी झाली असती. आणि पहिल्या तारखेला बा एस.टी.नं दहाच्या आधी पोचला असता.

शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी. भत्ता हा नुसता पोटाचा प्रश्न नव्हे, तो तोंडाचा प्रश्न आहे. ज्याच्याकडं भाडं नाही तो चौकशीला पोचत नाही. जो पोचत नाही त्याचं म्हणणं कुणी ऐकत नाही. ज्याचं म्हणणं ऐकलेलं नाही त्याला दोषी ठरवणं फार सोपं. उपाशी ठेवून केलेली चौकशी म्हंजे तोंड बांधून विचारलेला प्रश्न. हे मी म्हणतो असं नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या एका सुरक्षा अधिकाऱ्याला १९८५ साली सस्पेंड केलं. भत्ता दिला नाही. त्याचं घर केरळात. आजारी आहे, यायला पैसे नाहीत, म्हणून त्यानं कळवलं. चौकशी एकतर्फी उरकली आणि १९८६ च्या जूनमध्ये त्याला डिसमिस केलं. म्हंजे बा त्या वेळी सस्पेंड होऊन जेमतेम महिना झाला होता. पॉल अँथनी खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानं ती चौकशी मोडीत काढली. भत्ता न देणं हे माणसाला हळूहळू विष घालण्यासारखं आहे, अशी उपमा निकालात आली. पुढच्या वर्षी उत्तर प्रदेशच्या एका खटल्यात तेच न्यायालय म्हणालं की हा भत्ता खैरात नव्हे, हक्क आहे. १३ वर्षं लागली त्या अधिकाऱ्याला. पण तो लढू शकला. त्याला पत्र वाचता येत होतं.

डिसमिस झालेल्याच्या मागच्या पगाराचं काय? त्याचाही एक महाराष्ट्रातला खटला सांगतो. तेव्हाच्या औरंगाबादेतली एका खाजगी शाळेतली शिक्षिका. महापालिकेच्या कराची नोटीस शाळेला आली. संस्थेनं ती रक्कम मास्तरांच्या पगारातून वसूल करायचं ठरवलं, प्रत्येकी महिना दीड हजार. बाईंनी नाही म्हटलं. आधी सस्पेंड, मग २००७ साली घरी. शाळा न्यायाधिकरणानं परत घ्या आणि सगळा पगार द्या म्हणून सांगितलं. हायकोर्टानं पगार काढून घेतला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं तो परत दिला. काढून टाकणं बेकायदा ठरलं तर मागचा पगार हा सर्वसाधारण नियम. कामगारानं एवढंच सांगायचं की मी मधल्या काळात कुठं पगारी कामाला नव्हतो. होता, असं म्हणायचं असेल तर मालकानं सिद्ध करावं. मालकाच्या चुकीचं बक्षीस मालकालाच मिळू नये, हा त्यातला न्याय. अशा वेळी बाईंनी दीड हजाराला नाही म्हटलं ही गोष्ट मला कलमांपेक्षा मोठी वाटते.

आणि मग आमच्या तिठ्यावरच हे सगळं पुन्हा आलं. २०२१ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर. एस.टी. कामगारांचा संप. महामंडळ राज्य सरकारात विलीन करा, ही मागणी. एकेक करत आगारं बंद झाली, हजारो सस्पेंड झाले, हजारो बडतर्फ. २४ नोव्हेंबरला सरकारनं मूळ पगारात अडीच हजारापासून पाच हजारापर्यंत वाढ जाहीर केली, तरी बरेच लोक हटले नाहीत. हातखंबा तिठ्यावर एस.टी. न थांबलेली मी जन्मात प्रथम पाहिली. वडापवाल्यांचं राज्य होतं. आमच्या वाडीतला एक पोरगा कंडक्टर. त्याच्या हातात निलंबनाचं पत्र. तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "काका, जरा शेवटपर्यंत वाचा." बाची गोष्ट त्याला ठाऊक होती. संपातलं निलंबन आणि बाचं निलंबन एक नव्हे, संपाच्या दिवसांचा पगार कुणी देत नाही, ते मी त्याला सांगितलं. पण पत्र शेवटपर्यंत वाचलं. ७ एप्रिल २०२२ ला हायकोर्टानं सांगितलं की २२ एप्रिलपर्यंत कामावर या, आणि महामंडळानं यांच्यावर बडतर्फीची कारवाई ठेवू नये. पोरगा परत गाडीवर गेला. विलीनीकरण झालं नाही.

आता नवी गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे गेले, त्यांच्या जागी चार संहिता आल्या. निर्वाह भत्ता नव्या संहितेतही आहे. ९० दिवस निम्मा, नंतर पाऊण. चौकशी साधारण ९० दिवसांत संपवायची असंही लिहिलंय. मग रडायचं कशाला, म्हणाल. तर आकडा बघा. जुन्या कायद्यात १०० कामगारांपासून स्थायी आदेश लागू व्हायचे, महाराष्ट्रात ५० पासून. नव्यात ३००. तीनशे! आमच्या तिठ्यावरचे ढाबे, पंप, गॅरेज, रस्त्याच्या ठेकेदाराची टोळी, आंब्याचा कॅनिंगवाला, सगळे धरून बघा कुठं तीनशे भरतात. बा ज्या कंपनीत होता तिथं दीडशे माणसं होती. म्हंजे आज त्याला सस्पेंड केलं असतं तर पत्रातला तो शेवटचा परिच्छेद लिहायचंही कारण उरलं नसतं.

गेल्या पावसाळ्यात वर्षावासात आमच्या विहारात 'बुद्ध आणि त्याचा धम्म'चं वाचन चालू होतं. एका संध्याकाळी वाचन आटोपल्यावर मी ते पत्र काढलं आणि सगळ्यांसमोर मराठीत वाचलं. पोरंबाळं होती, कंडक्टर होता, बाया होत्या. बा भिंतीला टेकून बसला होता. आता त्याचं वय पंचाहत्तर. ऐकायला कमी येतं, म्हणून शेवटचा परिच्छेद त्याच्याजवळ जाऊन दोनदा वाचला. अठराशे रुपयांचा हिशेबही सांगितला.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तो दाखला द्यायचा व्हता काय? मी कुटं कामाला न्हाय म्हनून?"

"हां."

"मंग मी तो कसा दिला असता? मी खडी फोडत व्हतो न्हवं." आणि थोड्या वेळानं, कंडक्टर पोराकडं बघून, "खडी फोडनं ही नोकरी हाय काय रं? इचार बघू तुज्या कायद्याला."